मूरिंग सर्व्हिसिंगची क्रूझ प्लॅन करताय? नकाशा नंतर उघडा, आधी बॅटऱ्या मोजा

पहिल्यांदा चीफ सायंटिस्टची जबाबदारी अंगावर पडली की बहुतेक जण काय करतात तर नकाशा उघडतात, त्यावर मूरिंगचे ठिपके टाकतात, ठिपके रेषेने जोडतात, अंतराला जहाजाच्या स्पीडने भागतात आणि झाला प्लॅन. आणि मग तिसऱ्या दिवशी कॅप्टनच्या केबिनमध्ये बसून काय काय गाळायचं यावर डोकं खाजवत बसतात. समुद्रात दीड-दोन वर्षं उभी असलेली उपकरणं वर काढायची, त्यांच्या जागी नवी सोडायची आणि डेटा सुखरूप परत आणायचा, या कामात अंतर कापणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. खरी झटापट असते ती दिवसाच्या उजेडाशी, बॅटरीशी आणि डेकवरच्या माणसांच्या झोपेशी. काय गाळायचं हे बंदर सोडायच्या आधी कागदावर ठरलेलं असेल तर क्रूझ निभावते, नाहीतर मग लाटा ठरवतात.

ज्यांना मूरिंग म्हणजे काय हेच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. तळाला नांगर, बऱ्याच ठिकाणी यासाठी रेल्वेची जुनी चाकं एकावर एक रचून वापरतात, जड आणि स्वस्त. नांगराच्या वर अकूस्टिक रिलीज, म्हणजे जहाजावरून आवाजाचा कोड पाठवला की हूक उघडून नांगर सोडून देणारं यंत्र. त्याच्या वर हजारो मीटर वायर आणि दोर, त्यावर ठिकठिकाणी तापमान, क्षारता, प्रवाह मोजणारे सेन्सर, मध्ये पिवळ्या प्लास्टिकच्या टोपीतले काचेचे गोळे (१७ इंची एक गोळा साधारण २५ किलो उचलतो), आणि टोकाला एकतर पाण्याखालीच राहणारा मोठा फ्लोट नाहीतर पृष्ठभागावर हवामान मोजणारा बोया. इथली सगळी आकडेमोड ४,००० मीटर खोलीची धरलीये, उथळ पाण्यात वेळ कमी लागतो पण विचार करायचा क्रम तोच.

आधी बॅटरी

एक साधी शीट करा. प्रत्येक उपकरणाचा सीरियल नंबर, पाण्यात कधी टाकलं, किती मिनिटांनी एक रीडिंग, बॅटरी कुठली, मेमरी किती, आणि या सगळ्यावरून ते कधी बंद पडेल ती तारीख. दर दहा मिनिटांनी मोजणारा सेन्सर आणि दर तासाला मोजणारा सेन्सर एकाच दोरावर असतात पण त्यांचं आयुष्य एक नसतं, त्यामुळे मूरिंगची तारीख म्हणजे त्यातल्या सगळ्यात आधी मरणाऱ्या महत्त्वाच्या उपकरणाची तारीख. आणि एक कॉलम रिलीजच्या बॅटरीसाठी वेगळा ठेवा, लाल रंगात. सेन्सर मेला तर त्या सेन्सरचा पुढचा डेटा जातो, रिलीज मेलं तर अख्खं मूरिंग खालीच राहतं. म्हणूनच खोल मूरिंगला दोन रिलीज जोडीने लावतात, एक बोललं नाही तर दुसरं.

ही तारीख पुढे ढकलायचा मोह होतो, जहाज मिळत नाही, पैसे मिळत नाहीत, चला अजून सहा महिने थांबू. त्याचं काय होतं ते बघायचं तर प्रशांत महासागरातलं टाओ नेटवर्क बघा. विषुववृत्तावर पसरलेले बोये, १९९४ च्या शेवटी नेटवर्क पूर्ण झालं तेव्हा सुमारे ७०, एल निनोचा अंदाज त्यावर उभा. त्यातला अमेरिकेचा मोठा भाग सांभाळायला काइमिमोआना नावाचं एक जहाजच वेगळं ठेवलं होतं. ते २०१२ मध्ये सेवेतून बाजूला गेलं आणि २०१४ च्या सुरुवातीपर्यंत या बोयांकडून येणारा डेटा जवळपास ४० टक्क्यांवर घसरला. बोये एका दिवसात बिघडले नाहीत, त्यांच्याकडे कोणी वेळेवर गेलंच नाही. याउलट अटलांटिकमध्ये २६.५ अंश उत्तरेला असलेली रॅपिड मूरिंगची रांग २००४ पासून चालूये, दीड-दोन वर्षांच्या आत जहाज तिथे पोचतंच, त्यामुळे वीस वर्षांची सलग सिरीज मिळालीये.

तर शीटमधून तुम्हाला एक खिडकी मिळते, अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत. आता त्यावर हवामान ठेवा. उत्तर हिंदी महासागरात जून ते सप्टेंबर मान्सूनचा वारा आणि लाटा, त्याच्या आधी आणि नंतर चक्रीवादळांचा सीझन. दक्षिण महासागरात तिथला उन्हाळा सोडून जायचं म्हणजे हौस. फक्त सरासरी लाट बघू नका, कारण सरासरी लाटेत कुणी काम करत नाही, माणसं त्या दिवशीच्या लाटेत काम करतात. मागच्या आठ-दहा वर्षांत त्या जागी त्या महिन्यात लाट अडीच मीटरच्या खाली आणि वारा २५ नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) खाली असे सलग दिवस किती मिळाले ते काढा. हा आकडा तुमच्या जहाजाप्रमाणे बदलेल, मोठं जहाज असेल तर थोडं जास्त चालतं, पण नेमकी किती लाटेला डेकचं काम थांबवायचं हे कॅप्टन आणि बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, आत्ताच विचारून लिहून ठेवा.

परवानग्या, हे कंटाळवाणं आहे पण इथेच क्रूझ अडकतात

मूरिंग दुसऱ्या देशाच्या ईईझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आत असेल तर संशोधनासाठी त्या देशाची संमती लागते. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराप्रमाणे काम सुरू व्हायच्या कमीत कमी सहा महिने आधी सगळी माहिती द्यायची असते, जहाज कुठलं, उपकरणं कुठली, नेमकी जागा, तारखा, कोण पैसे देतंय. चार महिन्यांत उत्तर नाही आलं तर संमती गृहीत धरण्याची तरतूद करारात आहे, पण तिच्या भरवशावर कोणी जहाज नेत नाही आणि तुम्हीही नेऊ नका. दरवेळी नवा अर्ज लागू शकतो, मागच्या क्रूझची परवानगी होती म्हणून यंदाही असेल असं नाही. त्या देशाला आपला माणूस जहाजावर पाठवायचा हक्क असतो, त्यामुळे एक-दोन बंक त्यासाठी धरूनच माणसांची यादी करा, नाहीतर ऐनवेळी तुमचाच टेक्निशियन खाली उतरतो.

परवानगी असूनही जाता येत नाही असं पण होतं. हिंदी महासागरातल्या रामा नेटवर्कचा मूळ आराखडा ४६ मूरिंगचा, काम २००४ ला सुरू झालं, पण सोमालियाच्या बाजूच्या चाचेगिरीमुळे पश्चिमेकडच्या जागांवर जहाजं न्यायला वर्षानुवर्षं जमलं नाही. म्हणून विमा कंपनी कुठल्या भागाला धोक्याचा भाग म्हणते ते सुद्धा याच टप्प्यावर विचारायचं, तिकिटं काढल्यावर नाही.

वेळेचा हिशोब, खरं काम हे

बहुतेक रिसर्च जहाजं १० ते १२ नॉटने जातात. १० धरा, म्हणजे २४ तासांत २४० सागरी मैल. कागदावर ११ धरायचा मोह होईल, धरू नका, समोरून वारा आला की ८ पण मिळत नाहीत.

आता एका जागेवर किती वेळ लागतो ते बघू. काढण्याचं काम उजेडातच, कारण रिलीज सोडल्यावर गोळे कुठे वर येतील ते डोळ्यांनी शोधायचं असतं. ४,००० मीटरवरून गोळे वर यायला पाऊण तास ते तास. शोधून, जवळ जाऊन, हूक लावून डेकवर ओढायला सुरुवात करेपर्यंत अजून तास. मग चार किलोमीटर वायर, मध्ये प्रत्येक सेन्सरला थांबायचं, सोडवायचं, लिहायचं, तीन ते पाच तास जातात आणि दोर गुंतून वर आला तर त्याहून जास्त. सकाळी सहाला सुरू केलं तर दुपारचा एक सहज वाजतो. नवीन मूरिंग सोडायला पण असेच पाच-सहा तास, त्यामुळे एकाच दिवशी काढणं आणि सोडणं कागदावर बसतं पण माणसांना बसत नाही. खलाशांना कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती द्यायचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि डेकवर टेन्शनमधली वायर असताना दमलेला माणूस नको हे सांगायला नियम लागू नये. एका खोल जागेला दोन दिवस धरा, पहिला दिवस काढायला, दुसरा सोडायला. मधली रात्र सीटीडीला द्या (क्षारता, तापमान आणि खोली मोजत वायरवरून खाली सोडायचं उपकरण), त्याला वेगळी टीम आणि वेगळा विंच (वायर गुंडाळायचं-सोडायचं यंत्र) ऑपरेटर. सीटीडी मिनिटाला ६० मीटरने खाली सोडला तर ४,००० मीटरला एका बाजूने ६७ मिनिटं, वर येताना बाटल्या बंद करायला थांबे, असं करून तीन-साडेतीन तास गेलेच.

आणि आता ती गोष्ट जी नकाशावर दिसत नाही. दोन जागांमधलं अंतर १२० मैल असेल तर संध्याकाळी सहाला निघून सकाळी सहाला पोचता, एकदम फिट. अंतर १८० मैल असेल तर पोचता दुपारी बारा वाजता, आणि दुपारी बाराला खोल मूरिंग काढायला कोणी घेत नाही कारण दोर गुंतला तर अंधारात ओढत बसावं लागेल. म्हणजे सहा तासांचं जास्तीचं अंतर तुमचा अख्खा दिवस खातं. हे एकदा कळलं की जागांचा क्रम बदलतो, कधीकधी लांबची जागा आधी घेतलेली परवडते. ती वाया जाणारी दुपार अगदीच वाया घालवायची गरज नाही, तळाचा सर्व्हे करा, रिलीजशी बोलून ते जिवंत आहे का बघा, सीटीडी उरकून घ्या. पण शेड्यूल बनवताना तासांची बेरीज करू नका, सकाळी मोजा. किती सकाळी हातात आहेत आणि किती सकाळी लागणार आहेत, बस.

खराब हवेसाठी राखीव दिवस किती? शांत उष्णकटिबंधात कामाच्या दिवसांच्या दहा टक्के पुरावेत, वरच्या अक्षांशांना वीस-पंचवीस पण कमी पडू शकतात. हे दिवस प्लॅनमध्ये शेवटी एकत्र ठेवू नका, कारण शेवटी ठेवले की त्यांना सगळे सुट्टी समजतात आणि कोणीतरी त्यात नवीन स्टेशन घुसवतं. मध्ये मध्ये पेरा.

मग यादीचे तीन भाग. पहिल्यात जे केल्याशिवाय परतायचं नाही, दुसऱ्यात जे जमलं तर उत्तम, तिसऱ्यात जे राखीव दिवस उरले तर. आणि प्रत्येक जागेपुढे एक शेवटची वेळ, अमुक तारखेच्या सकाळपर्यंत सुरू झालं नाही तर ही जागा सोडून पुढे. ज्यांचं उपकरण तिसऱ्या भागात गेलंय ते नाराज होणार, होऊ देत, मीटिंगमध्ये नाराज झालेले बरे, जहाजावर सगळे एकाच मेसमध्ये जेवतात. एक अपवाद लक्षात ठेवा, काढायचं आणि नवीन सोडायचं यातलं एकच करण्याइतका वेळ असेल तर आधी जुनं काढा. त्यात दीड वर्षाचा डेटा अडकलाय.

सामान

कॅलिब्रेशनला पाठवलेले सेन्सर परत यायला आठवडे, कधी महिने लागतात, त्यामुळे सगळ्यात आधी तेच. लिथियम बॅटऱ्या धोकादायक मालात मोडतात, समुद्रमार्गे नेताना आयएमडीजी कोडचा (धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा) क्लास ९, यूएन नंबर ३०९० आणि उपकरणात बसवलेल्या असतील तर ३०९१. विमानाने ऐनवेळी मागवू असं डोक्यात असेल तर काढून टाका. कार्बनचे सॅम्पल टिकवायला मर्क्युरिक क्लोराइड नेत असाल तर ते विष आहे, त्याचे कागद वेगळे, आणि ते जहाजावर कुठे ठेवणार हे कॅप्टनला आधी माहीत पाहिजे.

कंटेनरमध्ये जे शेवटी लागणार ते आत, जे पहिल्या दिवशी लागणार ते दाराशी. ऐकायला अगदीच बाळबोध वाटतं, पण भर समुद्रात हलत्या डेकवर कंटेनर रिकामा करून मागचा एक डबा काढायची वेळ आली की कळतं. शॅकल (वायरचे तुकडे आणि उपकरणं जोडायच्या धातूच्या कड्या) आणि त्यांच्या कॉटर पिन लागतील त्याच्या दुप्पट न्या आणि सगळे शॅकल एका जातीच्या धातूचे ठेवा, स्टेनलेस आणि साधं स्टील खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून ठेवले तर साधं स्टील गंजत जातं आणि दोन वर्षांनी रिलीजच्या खालचं कनेक्शन तेवढं बारीक झालेलं सापडतं. नांगर, रिलीज, मुख्य फ्लोट, यांचा एकेक जादा संच असलाच पाहिजे. मूरिंगमध्ये पाण्यातलं वजन किती, वर उचलणारा जोर किती, याचा हिशोब वेगळ्या माणसाकडून तपासून घ्या, ज्याने डिझाइन केलं त्याच्याकडून नाही.

वायर बंदरातच विंचवर गुंडाळून घ्यायची, ताण देऊन. ढिली गुंडाळली की खालच्या थरात वरचा थर रुततो आणि सोडताना झटका बसतो. नांगर शेवटी टाकायची पद्धत वापरणार असाल तर मूरिंगचं वरचं टोक आधी पाण्यात जातं, म्हणून ड्रमवर तळाजवळची वायर आधी चढते आणि वरची शेवटी. प्रत्येक तुकड्याला दोन्ही टोकांना टॅग, लांबीसकट. हे बोसनबरोबर उभं राहून करा. खरं सांगायचं तर बोसनशी तुमचं जमलं की अर्धी क्रूझ जमली. त्याला डेकचा आराखडा दाखवा, ए-फ्रेमखाली (जहाजाच्या मागच्या टोकाची सामान उचलायची चौकट) कोण उभं राहणार, स्टॉपर लाइन (वायर तात्पुरती धरून ठेवणारा दोर) कुठे बांधणार, क्रेन कुठून फिरणार, आणि तो नाही म्हणाला तर वाद घालू नका, का ते विचारा.

काढायचा दिवस

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जागेवर. नेमकं डोक्यावर उभं राहायचं नाही, कारण वर येणारे गोळे प्रोपेलरमध्ये यायला नकोत, पाचशे मीटर ते किलोमीटरभर बाजूला, वाऱ्याचा आणि प्रवाहाचा अंदाज घेऊन. थ्रस्टरचा आवाज कमी करायला सांगा, ट्रान्सड्यूसर (आवाज पाठवणारं आणि ऐकणारं उपकरण) बाजूने पाण्यात सोडा आणि आधी फक्त अंतर विचारा. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, म्हणजे चार किलोमीटर खालून उत्तर यायला पाच सेकंदांच्या वर लागतात, ते पाच सेकंद सगळ्यांना फार मोठे वाटतात. उत्तर आलं, अंतर पटतंय, रिलीज उभं आहे असं सांगतंय, ब्रिजच्या (जहाज चालवायच्या खोलीच्या) मते हवामान ठीक, डेक तयार, मगच सोडायचा कोड. मग परत अंतर विचारा, एक मिनिटाने परत. आकडा कमी होत जातोय म्हणजे निघालं. कमी होत नाहीये तर दुसऱ्या रिलीजला कोड द्या आणि थांबा, कधी कधी गाळात रुतलेलं किंवा गंजाने धरलेलं हूक वेळ घेतं. लगेच जागा सोडून हलू नका.

अजिबात नाही आलं तर ड्रॅगिंग, म्हणजे मूरिंगच्या भोवती लांब वायर आणि हूक फिरवून ओढणं. याला एक पूर्ण दिवस जातो, यशाची खात्री नाही, आणि नांगर नेमका कुठे आहे हे माहीत नसेल तर तो दिवस फुकट. हे करायचं की नाही हे तुमच्या तीन भागांच्या यादीत आधीच लिहिलेलं असू द्या.

वर येताना सगळ्या बाजूंना माणसं उभी करा. रेडिओ बीकन आणि स्ट्रोब (लुकलुकणारे दिवे) लावलेले असले तरी पहिल्यांदा दिसतो तो पिवळा ठिपका, आणि तो बहुतेकदा ज्या बाजूला कोणी बघत नाही तिकडे दिसतो. पृष्ठभागावरचा बोया असेल तर काढायच्या आधी भोवती एक चक्कर मारा. बोयाच्या सावलीला मासे जमतात आणि माशांच्या मागे मासेमारी बोटी, त्यामुळे बोयाला गुंडाळलेली जाळी, लांब दोऱ्या, गळ हे हमखास असतं, आणि कधी सोलर पॅनेल किंवा सेन्सरच गायब असतात. लहान बोटीतून माणूस पाठवणार असाल तर आधी हे गळ कुठे लटकताहेत ते बघू दे त्याला.

डेकवर आल्यावर दोन गोष्टींची घाई करायची नाही. एक, घासायची. वरच्या शंभर मीटरमधली उपकरणं बार्नॅकल (घट्ट चिकटणारे कवचवाले छोटे प्राणी) आणि शेवाळाने इतकी भरलेली असतात की सेन्सर कुठे आणि प्राणी कुठे कळत नाही, आणि पहिली इच्छा ब्रश घ्यायची होते. आधी फोटो, सीरियल नंबर दिसेल असा, पाण्याबाहेर आल्याची वेळ, मगच बाहेरून सफाई. क्षारता मोजणाऱ्या सेलच्या आत ब्रश अजिबात नाही. दोन, उघडायची. एखाद्या उपकरणात खोलवर पाणी शिरलेलं असेल तर आत दाब अडकलेला असू शकतो, लिथियम बॅटरी ओली झाली असेल तर गॅसपण. टोकाचं झाकण फुगलेलं दिसलं, उपकरण गरम लागलं, बोलत नाहीये, असं काही असेल तर ते टोक माणसांकडे न करता, मोकळ्या डेकवर बाजूला ठेवा, आणि ज्याला येतं त्यानेच सावकाश दाब सोडायचा. झाकण गोळीसारखं सुटतं, यात अतिशयोक्ती नाही.

मग गोड्या पाण्याने धुवा आणि रेकॉर्डिंग थांबवायच्या आधी थांबा. उपकरणाचं घड्याळ आणि जीपीएसची वेळ शेजारी शेजारी लिहा, सगळं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, जहाजाच्या घड्याळाचा इथे संबंध नाही. दीड वर्षात घड्याळ काही मिनिटं सरकलेलं असू शकतं. तापमानाच्या सेन्सरला बर्फाच्या बादलीत बुडवून नेमकी वेळ लिहून ठेवली तर डेटामध्ये एक खूण तयार होते, घड्याळाची वेळ चुकीची लिहिली गेली तरी या खुणेवरून नंतर जुळवता येतं. डाउनलोड झाला की दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी, एक फाइल उघडून खरंच आकडे आहेत का बघा, मगच मेमरी पुसा. खरं तर क्रूझ संपेपर्यंत पुसूच नका.

रात्रीच्या सीटीडीचा अजून एक उपयोग आहे. काढलेले आणि टाकायचे असे दोन्ही सेन्सर रोझेटच्या (सीटीडीभोवती पाण्याच्या बाटल्या बसवलेल्या चौकटीच्या) फ्रेमला बांधून एकत्र खाली पाठवायचे, काही खोलींवर दहा-दहा मिनिटं थांबायचं. जुना सेन्सर दीड वर्षात किती भरकटला आणि नवा कुठे सुरू होतोय हे एकाच पाण्यात मोजलं जातं. वेळ कमी पडला की लोक पहिल्यांदा हेच गाळतात. माझं मत विचाराल तर एक स्टेशन कमी करा पण हे ठेवा, नाहीतर नंतर दिसलेला फरक समुद्राचा की सेन्सरचा हे कोणीच सांगू शकत नाही.

सोडायचा दिवस

आदल्या रात्री तळ नीट मोजा. इको साउंडर आवाजाचा एक ठराविक वेग धरून खोली सांगतो, खऱ्या वेगात १ टक्क्याचा फरक असला तरी ४,००० मीटरला ४० मीटरची चूक. तुमचा वरचा फ्लोट ५० मीटरवर राहायला हवा असेल तर ४० मीटर म्हणजे तो जवळजवळ पृष्ठभागावर. कालच्या सीटीडीवरून वेग काढा आणि खोली दुरुस्त करा, गरज पडली तर तळाकडचा दोर कमी-जास्त करा. जागा सपाट असावी, उतारावर नांगर घसरतो.

सोडताना जहाज वाऱ्याला आणि प्रवाहाला तोंड देऊन एक-दोन नॉटने जात राहतं आणि मूरिंग मागे ओळीने पसरत जातं. याला तास लागतात, म्हणून सुरुवात जागेपासून काही मैल आधी करायची. किती मैल ते वायर सोडायच्या स्पीडवरून काढा, आणि सगळी वायर लवकर सोडून झाली तर मागे सगळं ओढत हळूहळू जागेपर्यंत जाता येतं पण जागा ओलांडून गेलात तर परत फिरणं अवघड, त्यामुळे थोडं लांबूनच सुरू करा. नांगर सुटल्यावर सरळ खाली जात नाही, मागच्या दोराच्या ओढीने मागे येतो, खोलीच्या पाच ते दहा टक्के. म्हणजे ४,००० मीटरला लक्ष्य दोनशे ते चारशे मीटर ओलांडून नांगर सोडायचा. या सगळ्या वेळात जहाजाला वळता येत नाही, तेव्हा ब्रिजवर दिवसा गोळा-हिरा-गोळा अशा आकृत्या आणि रात्री लाल-पांढरा-लाल दिवे, आणि आसपासच्या बोटींना रेडिओवर सांगत राहायचं.

डेकवर एकच माणूस इशारे देणार, बाकी कोणी हात हलवायचा नाही. दोराच्या वेटोळ्यात पाय नाही, ताणलेल्या वायरच्या रेषेत उभं राहायचं नाही, फोटो काढणाऱ्यांनी वरच्या डेकवर जायचं. शास्त्रज्ञ मंडळी हे नियम खलाशांपेक्षा जास्त मोडतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

नांगर तळाला टेकल्यावर लगेच निघू नका. तीन वेगवेगळ्या बाजूंना जाऊन रिलीजचं अंतर घ्या, तिन्ही वर्तुळं जिथे छेदतात तो खरा नांगर. दोन तास जातात, पण पुढच्या क्रूझला ड्रॅगिंग करायची वेळ आली तर हेच आकडे कामाला येतात. पृष्ठभागावरचा बोया असेल तर शेजारी काही तास थांबून जहाजावरच्या वारा-तापमानाशी त्याची रीडिंग ताडून बघा आणि सॅटेलाइटवरून डेटा किनाऱ्यावर पोचतोय का ते विचारा. न पोचणारा बोया सोडून निघायचं म्हणजे पुढच्या क्रूझपर्यंत हात चोळत बसणं.

जागेवरून निघताना आर्गो फ्लोट टाकता आला तर टाका. जगभरात असे सुमारे ४,००० फ्लोट फिरताहेत, १,००० मीटरवर वाहत राहतात आणि दर दहा दिवसांनी २,००० मीटरपासून वरपर्यंत मोजून डेटा पाठवतात. जहाज हळू असताना मागून सोडायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि नुकत्याच केलेल्या सीटीडीशी त्याचं पहिलं प्रोफाइल ताडता येतं. यासाठी वेगळा दिवस मागायची गरज नाही, फक्त फ्लोट डब्यातून काढून आदल्या रात्री टेस्ट झालेला असावा.

परतीच्या वाटेवर

बंदर दिसायला लागलं की सगळ्यांचं लक्ष उडतं, म्हणून लॉगशीट आणि फोटो रोजच्या रोज उरकलेले बरे. परतीच्या दिवसांत नवीन मूरिंगची प्रत्यक्षातली रचना लिहून काढा, डिझाइनमधली नाही. ऐनवेळी कुठला शॅकल बदलला, कुठला सेन्सर पाच मीटर खाली सरकवला, हे दोन आठवड्यांनी कोणालाच आठवत नाही. नवीन पृष्ठभागावरच्या बोयांच्या जागा नाविकांना सूचना काढणाऱ्या अधिकाऱ्यांना कळवा, ज्यांच्या हद्दीत काम केलं त्या देशाला प्राथमिक रिपोर्ट आणि डेटा द्यायचा असतो, त्यात उशीर झाला की पुढच्या अर्जाला अडचण येते. तात्पुरतं देशाबाहेर नेलेलं सामान कस्टम्सच्या यादीशी जुळलं पाहिजे, आणि इथे गंमत अशी की जे समुद्रात सोडून आलात ते परत येणार नाही आणि जे काढलंत ते मागच्या क्रूझच्या यादीत होतं, यंदाच्या नाही. एजंटला हे निघायच्या आधीच समजावून सांगा, सीरियल नंबरच्या दोन याद्या करून, एक जाणाऱ्यांची आणि एक येणाऱ्यांची. आणि वापरलेल्या लिथियम बॅटऱ्या उपकरणातून काढून, टोकांना टेप लावून, वेगळ्या डब्यात, लेबल लावून, क्रेनने कंटेनर उचलायच्या आदल्या दिवशी तयार ठेवा.